टोळीप्रमुखाच्या कंठ्यातला मणी

मित्रांनो, मी शिंपल्याचा एक जुना मणी आहे. आकाराने मसुराच्या दाण्याएवढा, रंगाने पिवळट पांढरा, मधोमध भोक. संग्रहालयातल्या काचेच्या पेटीत तुम्ही मला पाहिले असेल, पण एकट्याला नव्हे. माझ्यासारख्या पुष्कळ मण्यांचा मिळून एक कंठा होता आणि त्याखाली पाटी होती, 'टोळीप्रमुखाचा कंठा'. ती पाटी चुकीची होती. मला ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. पण मण्याला भोक असते, तोंड नसते.

नदीकाठच्या एका झोपडीपुढे माझा जन्म झाला. तिथल्या बाईने शिंपला दगडावर ठेवून फोडला आणि तुकड्यांचे कोपरे ठोकून उडवले. मग गारगोटीचे टोक काडीला बांधून, ती काडी दोन्ही तळहातांत फिरवत तिने भोक पाडले. आधी एका बाजूने, नंतर उलटून दुसऱ्या बाजूने. घाई केली की मणी फुटे. फुटलेले माझे सोबती अंगणातच राहिले. उरलेल्यांना दोरीत घट्ट ओवून तिने खरखरीत दगडावर ओल्या वाळूत घासले, तेव्हा आम्ही गोल झालो.

एवढे कष्ट तिने गळ्यातल्या दागिन्यासाठी घेतले नव्हते. घरात तान्हे मूल होते. हरणाच्या मऊ कातड्याची टोपी करून तिने आम्हाला एकेक करून त्या टोपीवर टाचले. दोरा माझ्या भोकातून वर येई आणि कडेवरून पुन्हा कातड्यात जाई. मूल लोळे, टोपी ओढून मणी चोखे. ते मोठे झाले, टोपी धाकट्याच्या डोक्यावर गेली, मग त्याच्याही धाकटीच्या. दोऱ्याने माझ्या वरच्या अंगावर भोकापासून कडेपर्यंत बारीक खाच पाडली. खालचे अंग कातड्यावर घासून गुळगुळीत झाले.

पुढे ते लोक ती जागा सोडून गेले. टोपी कोपऱ्यात राहिली. कातडे कुजले, दोरा कुजला, आम्ही मातीत मिसळलो.

फार मोठ्या काळानंतर तिथे उत्खनन सुरू झाले. त्याच्या प्रमुखांना सगळे सर म्हणत. सरांचा हात हलका होता. मातीचा एकेक पापुद्रा काढत ते खणत. पण आम्ही दिसलो त्याच वेळी खड्ड्यात नदीचे पाणी झिरपू लागले. सरांनी आमच्याभोवतीची माती घमेल्यात भरली, वर नेली आणि चाळली. आम्ही वाचलो. मात्र कोण कोणाशेजारी होता, कोण पालथा, कोण उताणा, हे कायमचे पुसले गेले. जमिनीतून वस्तू काढणाऱ्यांना वस्तूइतकीच तिची जागा मोलाची असते. आमची जागा चाळणीतून खाली गेली.

मग सरांनी आम्हाला लहानमोठे लावून रेशमी दोऱ्यात ओवले. कंठा देखणा झाला. इतका देखणा दागिना साध्यासुध्या माणसाचा कसा असेल? पाटी तयार झाली. भित्तिपत्रकांवर आमचे चित्र झळकले.

सर निवृत्त झाले. दोराही जीर्ण झाला. एका मोठ्या प्रदर्शनासाठी कंठा बाहेर पाठवायचा होता, म्हणून तो पोलादी तारेत ओवायचे ठरले. हे काम सरांच्याच एका विद्यार्थिनीकडे आले. तिला सगळे ताई म्हणत. मी सर्वांत लहान, म्हणून टोकाला होतो. टोकाची गाठ सुटून मी एकटाच मोकळा झालो, बाकीचे आतल्या गाठीने अडले, तेव्हा तिने मला सूक्ष्मदर्शकाखाली धरले आणि बराच वेळ खाली ठेवले नाही.

कंठ्यातले मणी एकमेकांवर घासतात. त्यांची दोन्ही अंगे सारखी झिजतात. माझे एकच अंग गुळगुळीत होते आणि दुसऱ्यावर खाच होती.

"तार ओवली तर ही खाच खरवडून जाईल," ताई शेजारच्या छायाचित्रकाराला म्हणाली.

"आणि नाही ओवलीस तर सर तुला ओवतील," तो म्हणाला.

प्रदर्शनाला अवकाश होता. ताईने शिंपले आणून माझ्यासारखेच नवे मणी घडवले. निम्मे ओवून स्वतःच्या गळ्यात घातले, निम्मे कातडी टोपीवर टाचून भाचीला दिले.

"तुझ्या शास्त्रापायी माझ्या पोरीच्या डोक्याला घाम सुटतोय," बहीण म्हणाली. "वर ती मणी चोखते. चालेल?"

"चालेल काय, हवंच आहे. फक्त टाका सैल दिसला की टोपी लगेच काढ."

काही महिन्यांनी टोपीवरच्या मण्यांवर माझ्यासारखीच खाच उमटू लागली. गळ्यातल्या मण्यांवर नव्हती. ताईने सरांना बोलावले. सरांनी मला पाहिले, टोपी पाहिली.

"म्हणजे तुझ्या मते हा कंठाच नाही."

"या मोकळ्या मण्याचं सांगते, सर. बाकीच्यांचं दोरा कापल्याशिवाय कळणार नाही. आणि तार ओवल्यावर तर कधीच नाही."

"कापला आणि बाकीच्यांवर खाच नसली तर? तपासण्यात प्रदर्शनाची वेळ टळेल; कंठाही गेला, टोपीही गेली."

"तर चूक माझी. प्रदर्शनवाल्यांना मीच तसं कळवीन."

सरांनी टोपी मुठीवर चढवली आणि फिरवून पाहिली. "पाणी चढत होतं गं," ते म्हणाले.

"माहीत आहे, सर."

"कात्री दे."

दोरा त्यांनी स्वतः कापला. मणी एकेक करून सूक्ष्मदर्शकाखाली गेले. काहींवर खाच पुसट होती, काहींवर नव्हतीच; पण बहुतेकांवर होती. सरांनी चष्मा काढून पुसला.

"इतकी वर्षं टोळीप्रमुख म्हणून मी एका रांगत्या पोराचे गोडवे गात होतो."

"पाटी राहू द्या, सर," छायाचित्रकार म्हणाला. "घरात त्याच्याहून जास्त कोणाचं चालतं?"

सर हसले, पण पाटी त्याच दिवशी निघाली. प्रदर्शनाला दुसरी वस्तू गेली.

आता आम्ही मऊ कापडावर सुटे पडलेले असतो. पूर्वीसारखी गर्दी होत नाही. मित्रांनो, तुम्हाला जमिनीत काही जुने सापडले तर उचलू नका, धुऊ तर मुळीच नका. ते कसे पडले आहे, कोणाशेजारी आहे, ते नीट पाहा आणि जाणत्या माणसाला बोलवा. अंगावरची माती आणि ओरखडे हेच आमचे बोलणे असते.

ताईने मला खाचेचे अंग वर करून ठेवले आहे. त्या बाईने टाचले होते, तसेच.