पाव फेरा उघडी तोटी

मी हवेची टाकी बोलतेय. घाई असेल त्यांनी पुढं व्हावं. गोड बोलणं मला कुणी शिकवलं नाही. माझी कातडी आठ मिलिमीटर जाडीची आहे, आणि एकवीस वर्षं मी पोटात जे दाबून धरलंय ते तुमच्यापैकी एकाच्याही छातीत मावायचं नाही.

नागापूरच्या एका शेडमध्ये दोन वेल्डरांनी मला जोडलं. मग पोटात पाणी भरलं, दीडपट दाब दिला आणि कुठं घामाचा थेंब फुटतोय का, ते डोळे वटारून बघत बसले. फुटला नाही. तुमच्यात जन्मलेल्या पोराची अशी परीक्षा घेतली असती, तर बरीच माणसं दारातूनच परत पाठवावी लागली असती.

पहिली नऊ वर्षं मी संगमनेरकडच्या एका दूध डेअरीत काढली. तिथं मला मान होता. डेअरी वाढली, मोठी टाकी आली, आणि मला टेम्पोत आडवी टाकून नगरच्या एमआयडीसीत आबासाहेबांच्या कारखान्यात आणलं. इथं पत्रा कापून कूलरच्या बॉड्या करतात, त्यांना रंग देतात. शेजारचा कॉम्प्रेसर बाहेरची हवा ओढतो, दाबतो आणि माझ्या पोटात कोंबतो. माझ्यातून पाइप निघतात ते पार रंगाच्या खोलीपर्यंत.

हवा फुकट असते, हे इथल्या माणसांच्या डोक्यात पक्कं बसलंय. छबूबाईनं झाडू टाकून दिला, ती पाइपानं कचरा उडवते. कुणी त्याच पाइपानं चहा निववतो, कुणी घामेजलेला बनियन वाळवतो. ती हवा दाबायला पलीकडे मीटर गरागरा फिरतंय, हे एकालाही दिसत नाही. सांधे सैल झाले, रबरी नळ्या तडकल्या, जागोजागी हवा सुसू करत निघून जाऊ लागली. रंगाच्या खोलीत जोर कमी पडला की तिथून हाक यायची, ‘प्रेशर वाढवा.’ मग इकडं वाढवायचं. सव्वासहा किलो दाबावर चालणारा कारखाना आठ किलोवर गेला. दाब वाढला तशी गळतीही वाढली. भोक बुजवायचं सोडून जास्त जोरानं ओतायचं, याला ही माणसं काम म्हणतात.

आता माझ्या खालच्या तोटीचं सांगते, कारण सगळं तिच्यापाशी येऊन अडलं. हवा दाबली की तिच्यातला ओलावा पाणी होऊन माझ्या तळाशी साठतो. ते तोटी उघडून दर तासाला काढायचं असतं, नाहीतर हवेबरोबर पुढं जातं. पूर्वी हे गोरक्ष करायचा. एका दमट श्रावणातल्या दुपारी आबासाहेबांनी त्याला पाहुण्यांसाठी भेळ आणायला पिटाळलं. तो येईपर्यंत पाणी रंगाच्या खोलीत पोचलं आणि चाळीस बॉड्यांच्या रंगावर फोड आले. भेळ पाहुण्यांनी खाल्ली. गोरक्षला संध्याकाळी काढून टाकलं.

त्याच्या जागी इसहाक आला. बोलायला कमी, हाताला नेटका. आबासाहेब त्याला म्हणाले, “ध्यानात ठेव. एक थेंब जरी पुढं गेला, तर तू बी गेला.” वर पलीकडच्या शेडमधली रंग वाळवायची भट्टीही त्याच्याच गळ्यात घातली. दर तासाला इकडं यायचं कसं? आपोआप पाणी सोडणारा व्हॉल्व्ह असतो, तो बसवा म्हणून त्यानं तीन वेळा लिहून दिलं. तिन्ही कागद आबासाहेबांच्या टेबलावरच्या काचेखाली गेले. तेव्हा इसहाकनं भीतीपोटी एक केलं. माझी तोटी पाव फेरा उघडी ठेवली. पाणी येईल तसं निघून जातं, आणि त्याच्याबरोबर हवाही, दिवसरात्र. मला ते कळत होतं. इसहाकलाही कळत होतं. तीन वर्षं आम्ही दोघं गप्प राहिलो.

यंदा वीज कंपनीनं एक योजना काढली. कारखान्यातल्या हवेची नासाडी ते स्वतः मोजून देणार, दुरुस्तीचा सल्ला देणार. इंजिनिअर राजनंदिनी गाडेकर आल्या. आबासाहेबांना पटेना.

“वीज विकणाराच म्हनतो कमी वापरा. यात काय तरी काळंबेरं हाय, मॅडम.”

“संध्याकाळी सगळ्यांना एकदम पुरवताना आमचाच दम निघतो, साहेब. तुमच्याकडं वाचली, तर ती दुसऱ्याला देता येते.”

त्यांनी कॉम्प्रेसरला आठवडाभर नोंद घेणारं यंत्र जोडलं आणि सुट्टीच्या दिवशी तपासणी ठरवली. आदल्या संध्याकाळी आबासाहेबांनी सगळ्यांना गोळा केलं. “उद्या ज्याच्या हद्दीत गळती सापडंल, त्यानं परवापासून गेटच्या आत पाय ठिवायचा न्हाई.”

इसहाकच्या निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन त्यानं माझी तोटी गच्च आवळली. तो एकटाच नव्हता. प्रेसवाला, वेल्डिंगवाला, रंगाच्या खोलीची मुकादम भीमाबाई, सगळे आपापल्या सांध्यांना सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळून बसले होते. धाक दाखवला की माणूस दुरुस्ती करत नाही. झाकतो.

गाडेकरबाईंनी कारखान्यातलं एकेक यंत्र बंद करवलं. चालू फक्त कॉम्प्रेसर. कुणी वापरतच नसेल, तर एकदा भरून त्यानं निवांत बसायला हवं. पुन्हा भरू लागला, म्हणजे तेवढी हवा गळतेय. त्या घड्याळ घेऊन बसल्या. दहा मिनिटांत तो जेमतेम एक मिनिट चालला.

“बगा,” आबासाहेब म्हणाले, “माझा कारखाना म्हंजे आरसा हाय.”

बाईंनी आठवड्याच्या नोंदीचा कागद उलगडला. “साहेब, रोज जेवणाच्या सुट्टीत, सगळे डबे उघडून बसलेले असताना, हा निम्मा वेळ हवा भरत होता. कालपर्यंत जाणारी हवा आज कुठं गेली?”

मग त्यांनी कानाला यंत्र लावलं. माणसाला ऐकू न येणारी सुसू त्यात ऐकू येते. एकेक पट्टी सापडत गेली, सुटत गेली. अकरा ठिकाणं निघाली. भीमाबाई नखं बघत उभी राहिली. प्रत्येक ठिकाणी आबासाहेब विचारत, “ही कुनाची हद्द?”

शेवटी सगळे माझ्यापाशी आले. बाई वाकल्या आणि तोटीखालच्या फरशीवर बोट फिरवलं. हवेच्या आणि पाण्याच्या मारानं तिथं वाटीएवढा खळगा पडला होता.

“हे एका दिवसाचं नाही,” त्या म्हणाल्या.

इसहाक पुढं आला. तोटी तशीच गच्च ठेवता आली असती, गप्प राहता आलं असतं. तो गुडघ्यावर बसला आणि सगळ्यांसमोर तोटी पाव फेरा उघडली. तांबूस पाण्याची पिचकारी आबासाहेबांच्या पांढऱ्या पायजम्यावर उडाली. ते मी मुद्दाम केलं नाही. पण वाईटही वाटलं नाही.

“मीच उघडी ठिवतो, साहेब. तीन वर्सं झाली.”

“तू? माझ्या जिवावर जगून माझीच हवा सोडतो व्हय रं?”

“पानी पुढं गेलं तर काढनार म्हनला हुता. पानी जाऊ द्यायचं न्हाई, तर हवा जाऊ द्यायला लागती. व्हॉल्व्ह मागितला हुता मी. तीनदा. काचंखाली बगा.”

बाईंनी पुन्हा घड्याळ लावलं. आता दहातली पाच मिनिटं कॉम्प्रेसर भरत होता, आणि त्यातली दोन एकट्या माझ्या तोटीची. त्या लिहू लागल्या तसे आबासाहेब म्हणाले, “याचं नाव लिवा त्यात.”

“आमच्या फॉर्मात नावाचा रकाना नाही, साहेब. जागेचा आहे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉम्प्रेसर सुरूच झाला नाही. इसहाक गेटबाहेर उभा होता. त्याच्या शेजारी भीमाबाई, प्रेसवाला, वेल्डिंगवाला. मागं त्यांची माणसं. माझी खोली गेटला लागून आहे, सगळं ऐकू येतं.

“आत या की,” आबासाहेब म्हणाले.

“कसं येनार?” भीमाबाई म्हणाली. “गळती आमच्या समद्यांच्या हद्दीत निघाली. तुमीच म्हनला, पाय ठिवायचा न्हाई. आमी तुमचं ऐकनारी मानसं.”

“बरं, बाकीचे या. ह्यो इसहाक तेवढा…”

“मग आमी बी हितंच बरं.” ती डबा उघडून खाली बसली. मागोमाग सगळे बसले.

आबासाहेब तासभर ऊन खात उभे राहिले. मग इसहाककडं न बघता म्हणाले, “काय पायजे तुला?”

“मला काय नको. तिला व्हॉल्व्ह बसवा.”

तिला म्हणजे मला. एकवीस वर्षांत माझ्यासाठी कुणी काही मागितलं, ते तेवढंच.

व्हॉल्व्ह त्याच दुपारी आला. पुढच्या पंधरा दिवसांत अकराही सांधे नीट झाले, दाब सव्वासहावर उतरला, आणि छबूबाईच्या हातात झाडू आला, तो ती शिव्या घालत मारते. जेवणाच्या सुट्टीत कॉम्प्रेसर थांबतो, इसहाक माझ्या शेजारी बसून भाकरी खातो. पण गोरक्षला कुणी बोलावलं नाही. तो राग मी सोडणार नाही. गंजून भंगारात गेले तरी तो माझ्याबरोबरच वितळेल.

आबासाहेब हल्ली दुसऱ्या कारखानदारांना घेऊन येतात. माझ्या पोटावर थाप मारून सांगतात, “मला आधीपासून वास येत हुता. मीच हुडकून काढलं.” पाहुणे माना डोलावतात. इसहाक दारात उभा असतो, तो काही बोलत नाही. तुमच्या कारखान्यातही असा एखादा असेल. त्याला धमकावण्याआधी त्याचे कागद वाचा.

तो बोलत नाही, म्हणून मी बोलले. निघा आता.