तीन मिनिटांचा दिवा

दमलेल्या आवाजात बोलतोय, मित्रांनो, सांभाळून घ्या. मी एक जुना दिवा आहे, तीन रंगांचा. टॅमरॅक बेंड नावाच्या आमच्या गावात शाळा मंडळाची सभा भरते, तेव्हा गावकरी जिथे उभे राहून बोलतात त्या मेजावर मी असतो. हिरवा लागला की बोला, पिवळा लागला की आवरतं घ्या, लाल लागला की बसा. माणशी तीन मिनिटं.

मला इथल्याच हायस्कूलच्या सुतारकामाच्या वर्गाने घडवलं. तेव्हा माझं काय कौतुक होतं! सभेला चार माणसं यायची, मैदानातल्या गवताबद्दल बोलायची आणि जाताना मला टपली मारून जायची. पुढे माझी पेटी तडकली, तिला चिकटपट्टी लागली. कुणीतरी सांडलेली कॉफी अजून माझ्या अंगावर वाळलेली आहे. त्याचं काही नाही हो. पण रडत बोलणाऱ्या किती माणसांना मी मध्येच गप्प केलं, ते आठवलं की मला माझाच कंटाळा येतो.

मार्चमधल्या त्या सोमवारी सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. गावातल्या चारही शाळांचे प्रमुख, प्रेंटिस साहेब, करार अर्धवट टाकून निघाले होते. त्यांचं आणि मंडळाचं का बिनसलं, ते कुणीच सांगत नव्हतं. वर मंडळ त्यांना निरोपाचे म्हणून दोन लाख दहा हजार डॉलर देणार होतं. आणि याच मंडळाने जानेवारीत, पैसे नाहीत म्हणून, शाळेच्या नर्सचा एक दिवस कापला होता. तेव्हापासून मंगळवारी नर्स नसे.

पहिला उठला दूधवाला बर्नी. "काम सोडायचे एवढे पैसे मिळतात होय? मग मी आत्ताच सोडतो. काढा माझेही!"

सगळे हसले. मंडळाच्या अध्यक्ष लोर्नाबाई मात्र हसल्या नाहीत. "कर्मचाऱ्याचं नाव घ्यायचं नाही, नियम आहे."

"मी कुठे नाव घेतलं? बरं, ते उंच, टकले, दोन लाखवाले गृहस्थ म्हणतो. चालेल?"

मग मर्ल आला. मर्ल ट्रक चालवतो. त्याला भाषण येत नाही.

"माझी सिग्ने नऊ वर्षांची आहे. तिला साखरेचा आजार आहे, रोज इन्सुलिन लागतं. मागच्या मंगळवारी जेवणाच्या रांगेत तिची साखर एकदम उतरली. मी ऐंशी मैलांवर होतो. स्वयंपाकघरातल्या बाईंनी झटकन रस पाजला म्हणून वाचली. त्यांच्या भावाला हाच आजार आहे, म्हणून त्यांना कळलं तरी. मंगळवारी माझ्या पोरीकडे कोण बघणार, एवढंच सांगा."

मिनिटभरात त्याचं बोलणं संपलं. तो उत्तराची वाट बघत उभा राहिला. पण लोकांच्या वेळात मंडळाने उत्तर द्यायचं नाही, असाही नियम आहे. मी हिरवा राहिलो, पिवळा झालो, लाल झालो. मर्ल बसला. मला फार वाईट वाटलं, मित्रांनो.

त्याच्यामागे पियानो शिकवणाऱ्या म्हाताऱ्या एड्नाबाई होत्या. त्यांनी लिहून आणलेले चार कागद घडी करून पर्समध्ये टाकले.

"माझा प्रश्न मर्लचाच," त्या म्हणाल्या आणि गप्प उभ्या राहिल्या.

"एड्नाबाई, बोलायला नाव देताना तुम्ही कार्डावर निरोपाच्या पैशांचा विषय लिहिलाय," लोर्नाबाई म्हणाल्या.

"मग हा कसला आहे? नर्सला नाहीत ते पैसे कुठे चाललेत, तोच विषय आहे हा. आणि तीन मिनिटं माझी आहेत ना? मग ऐका."

ऐकायला काहीच नव्हतं. पूर्ण तीन मिनिटं त्या नुसत्या मंडळाकडे बघत होत्या. पुढचा आला, "माझाही मर्लचाच," म्हणाला आणि तसाच उभा राहिला. मग त्याच्या पुढची. शिव्या द्यायला आलेली एकोणीस माणसं एकामागून एक गप्प उभी राहिली. जवळजवळ तासभर मंडळाचे सातही सभासद पाण्याच्या पेल्यांकडे बघत बसले. त्या दिवशी मी कुणालाच मध्ये तोडलं नाही.

नंतर मतदान झालं. चार विरुद्ध तीन. निरोपाचे पैसे मंजूर.

मित्रांनो, मला पुसा, माझी पेटी दुरुस्त करा, असं मी म्हणणार नाही. माझी काळजी राहू द्या. पण कुणी तुमच्यासमोर उभं राहून काही विचारलं, तर उत्तर द्या. नाही म्हणायचं असेल तर नाही म्हणा, पण द्या.

लोक कोट चढवू लागले, तेव्हा लोर्नाबाई खाली उतरून मर्लजवळ आल्या. सभा संपली होती, आता बोलायला हरकत नव्हती.

"मर्ल, मला खरंच वाईट वाटतं रे. नर्सचा विषय आपण पुढच्या महिन्यात नक्की घेऊ."

मर्लने कोटाचं वरचं बटण लावलं.

"मॅडम," तो म्हणाला, "मंगळवार उद्या आहे."