आहेराचं शूटिंग

कोर्टाचा कागद स्टुडिओत आला, तवा माझं डोकंच फिरलं. जाईच्या लग्नाचं मूळ शूटिंग घेऊन भूमच्या कोर्टात हजर व्हा म्हणं! नवरा गेल्यापासून हा स्टुडिओ मी एकटी चालवते. भांडणं ह्यांची, अन् हेलपाटे मला, ह्या शांताक्काला?

भांडण सोन्याचं. जाईला सासरच्यांनी हाकलली, अन् तिच्या बापानं घातलेलं दहा तोळं ठेवून घेतलं. सासरा गुरुलिंगअप्पा कोर्टात बिनधास्त म्हणाला, "सोनं? कसलं सोनं?" जाईकडच्या पेनड्राइव्हमध्ये आहेराचा भागच न्हवता. "पाव्हण्यांचे आहेर कोण बघत बसतंय? कापा ते, अन् पैसे कमी करा," असं लग्नानंतर ह्या अप्पानंच मला सांगितलं होतं. लई चिकट माणूस!

कापलेलं सगळं माझ्या हार्डडिस्कमध्ये होतं, पण ती बंद पडलेली. सोलापूरचा कारागीर म्हणाला, काढून देतो, अठरा हजार लागतील.

म्या जजसाहेबांना तोंडावर सांगितलं, "साहेब, मी एक दमडी देणार न्हाय. म्या काय गुन्हा केला?"

अप्पाचा वकील उठला. "जिला पाहिजे, तिनं भरावं." अप्पा मिशीत हसला. पोरीचा बाप वारलेला, ती आणणार कुठनं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

साहेबांनी हुकूम केला, आत्ता जाईनं भरायचं. सोनं दिल्याचं दिसलं, तर खर्च अप्पाकडून वसूल.

जाईनं कानातलं मोडलं. सोनं मागायला सोनं मोडायचं! असला संताप झाला माझा, काय सांगू.

कारागिरानं शूटिंग काढून दिलं, अन् पुढच्या तारखेला कोर्टात लॅपटॉपवर लावलं. मांडवात आहेर पुकारणाऱ्याच्या हातनं अप्पानं माईक हिसकावून घेतलेला. गावापुढं मिरवायची हौस ना! "ऐका मंडळी! आमच्या सुनेच्या अंगावर व्याह्यांनी दहा तोळं घातलंय! हार, पाटल्या, तोडे…" शेजारी जाईचा बाप हात जोडून हसत उभा.

"बंद करा ते!" अप्पा खेकसला.

"चालू राहू द्या," साहेब म्हणाले.

खर्च अप्पाच्याच बोकांडी बसला. बाहेर आल्यावर माझ्या अंगावर धावून आला. "शांते, तुझं दुकान कसं चालतंय बघतोच!"

"बघा की. आधी पोरीचे अठरा हजार टाका."

जाई व्हरांड्यातल्या बाकावर लॅपटॉप घेऊन बसली होती. "आक्का, बाबा हसतेत ना, तेवढंच परत लावा."

म्या लावलं. तिनं अप्पाचा आवाज बंद केला, अन् बापाकडं बघत बसली.