हातचे तीन

दादा गेला तेव्हा त्याचं यान बंदरापासून छत्तीस दिवसांवर होतं आणि आत हवा होती अडतीस दिवसांची. घरातल्या बाकीच्यांना पहिली बातमीच पुरे होती. धाकट्याला मात्र दोन्ही गोष्टी एकदमच आठवल्या. हॉस्पिटलच्या जिन्यात बसून डोळे पुसता पुसता त्याने बोटांवर दिवस मोजले. अडतिसावा दिवस रविवार येत होता. रविवार, दुपारी चारपर्यंत.

यान खरं नव्हतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. वीस वर्षांपूर्वीचा तो एक कॉम्प्युटर गेम होता आणि तो बनवणारी कंपनी कधीच बुडाली होती, बहुतेक स्वतःच्याच नियमांखाली दबून. नियम असे, की कॉम्प्युटर बंद केला तरी यानातली हवा संपत राहते. यान फुटलं की फुटलं, मागे जाऊन परत खेळता येत नाही. कुणी शहाणपणा करून फाइलची नक्कल काढून ठेवली, तर गेमला त्याचा वास लागतो आणि तो शिक्षा म्हणून यान स्वतःच फोडतो. सरावाची सोय नाही. माहितीपुस्तिका दोनशे चाळीस पानांची, आणि शेवटच्या पानावर एकच शब्द : ‘शुभेच्छा’. दादा म्हणायचा, जगातला सगळ्यात मोठा टोमणा आहे हा.

दोघा भावांनी पहिल्या नऊ वर्षांत चाळीस यानं फोडली. पहिल्याचं नाव ‘विजय’ होतं, ते चार मिनिटं टिकलं. पुढे पुढे नावं नम्र होत गेली. एकेचाळिसाव्याचं नाव दादाने ‘सावकाश’ ठेवलं, आणि ते अकरा वर्षं जगलं.

खेळायला दोघं लागत. दादाच्या घरात मागच्या खोलीत दोन टेबलं समोरासमोर लावलेली होती. एका कॉम्प्युटरवर बाहेरचं दृश्य दिसायचं, तिथे धाकटा बसायचा आणि यान चालवायचा. दुसऱ्यावर नुसते आकडे, तिथे दादा. दादाने आकडे वाचायचे, धाकट्याने ऐकून हात चालवायचा. एकाला दिसतं पण कळत नाही, दुसऱ्याला कळतं पण दिसत नाही. वहिनी म्हणायची, आमच्या घरातल्या सगळ्याच पुरुषांची ही गोष्ट आहे.

धाकटा लिफ्टचा मिस्त्री होता. पोटापाण्याचं काम म्हणजे लिफ्ट मजल्याला अशी टेकवायची, की म्हाताऱ्या माणसाचा पाय अडखळू नये. त्याच्या कंपनीतला वायरमन दर सोमवारी न चुकता विचारायचा, ‘काय, अजून त्याच दगडावर डोकं आपटताय? मजा येते का रे त्यात?’ धाकटा दर सोमवारी सांगायचा, ‘नाही.’ वायरमनला हे उत्तर पटायचं नाही आणि पुढच्या सोमवारी तो पुन्हा विचारायचा. दादा गेल्यावर मात्र त्याने विचारलं नाही. त्या सोमवारी धाकटा पहिल्यांदाच त्या प्रश्नाची वाट बघत होता.

आता यान वाचवायचं कशासाठी, तर नोंदवहीसाठी. गेममध्ये यानाची एक नोंदवही असते. तीत काय वाटेल ते लिहावं. पण लिहिलेलं वाचायचं तर यान बंदराला लागलेलं हवं, मधल्या वाटेत वही उघडत नाही. यान फुटलं तर वहीही गेली. अकरा वर्षं ती दादा लिहीत आला होता. हॉस्पिटलात भरती व्हायच्या दिवशी पिशवी भरून दारात ठेवली होती, रिक्षा खाली आली होती, आणि हा माणूस मागच्या खोलीत बसून दोन बोटांनी टाइप करत होता.

‘हसत होता रे,’ वहिनीने धाकट्याला सांगितलं. ‘लिहिताना हसत होता. मी विचारलं काय लिहितोयस, तर म्हणाला, बंदरात कळेल.’

वहिनीला त्या गेमचं कधी तोंड बघायचं नसे. पण एवढं दुखत असताना नवरा कशावर हसत होता हे तिला जाणून घ्यायचं होतं. त्याहून जास्त तिने काही मागितलं नव्हतं. दुसरं मागण्यासारखं उरलंही नव्हतं.

तेव्हा ठरलं, की दादाच्या खुर्चीत वहिनीने बसायचं आणि आकडे वाचायचे. या कामाला तिच्याइतकं लायक माणूस शोधून सापडलं नसतं. वहिनी औषधांच्या दुकानात कामाला होती. वीस वर्षांत तिने कुणाला एक गोळी कमी दिली नव्हती की जास्त दिली नव्हती. तिच्या हातून सांडलेली साखरसुद्धा मोजल्यासारखी सांडे.

गेममध्ये सराव नाही, म्हणून त्यांनी घरात सराव केला. चाकाच्या खुर्चीत धाकटा डोळे मिटून बसायचा, पुतणी त्याला पाठीमागून हळूहळू ढकलायची, वहिनी जमिनीवर पसरलेली टेप बघून फ्रिजपर्यंतचं अंतर मोठ्याने वाचायची, आणि योग्य आकड्याला धाकट्याने पाय टेकवून थांबायचं. पुतणी कॉलेजला होती. बापाच्या मागे आपल्याला हे असं करावं लागेल असं तिला वाटलं नव्हतं, पण तिने तक्रार केली नाही. तेराव्यानंतर तीन रविवार सराव झाला आणि तीनही रविवार धाकटा फ्रिजवर जाऊन आदळला. थोडाच, पण दर वेळी तेवढाच.

सगळ्यांचं एकमत झालं, की खुर्चीचं चाक खराब आहे. धाकट्याने नवं चाक आणून बसवलं. मग तो नव्या चाकाने आदळला. वहिनी म्हणाली, फरशीला उतार असेल.

चौथ्या रविवारी दुपारी तीन वाजता दोघं मागच्या खोलीत समोरासमोर बसले. मध्ये दोन कॉम्प्युटरच्या पाठी, त्यामुळे एकमेकांची फक्त कपाळं दिसत होती. दादाच्या खुर्चीवर त्याची उशी होती, ती वहिनीने काढली नाही. ती उशीच्या पुढच्या कडेवर बसली.

पडद्यावर ‘सावकाश’ बंदराच्या दारात उभं होतं. छत्तीस दिवस आपलं आपण येऊन पोचलं होतं, चालवणाऱ्याची वाट बघत. धाकट्याने दोन्ही हात पॅंटला पुसले.

‘वाचा वहिनी,’ तो म्हणाला.

‘साठ.’

यान सरकू लागलं. या गेममध्ये बंदराला लागणं म्हणजे लिफ्ट मजल्याला टेकवण्यासारखंच, फक्त लिफ्टला दोर असतो. चौदा मीटरवर ब्रेक मारला तर यान अलगद टेकतं. त्याच्या आधी मारला तर अलीकडेच थांबतं, आणि मग हवा नाही, इंधन नाही, काही नाही. नंतर मारला तर आदळतं. चौदा म्हणजे चौदा.

‘चाळीस. तीस.’ वहिनीचा आवाज दुकानातल्यासारखा होता, सकाळी एक, रात्री एक, जेवणानंतर. ‘पंचवीस. वीस.’

धाकट्याचा अंगठा ब्रेकवर होता. कान टवकारलेले. त्याला खूप बरं वाटत होतं, आणि इतकं बरं वाटल्याची त्याला लाजही वाटत होती. पाच आठवड्यांत पहिल्यांदा त्याला ठाऊक होतं, की आता काय करायचंय.

‘सतरा. सोळा. पंधरा. चौदा.’

अंगठा हलला नाही.

‘तेरा. बारा. अकरा.’

धाकट्याने ब्रेक मारला. बरोबर वेळेवर, नेहमीसारखा, अकरा वर्षं मारत आला होता तसाच.

‘सावकाश’ बंदरावर आदळलं. मोठा आवाज वगैरे काही झाला नाही. त्या गेमला असली हौस नव्हती. पडदा काळा झाला आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत आलं, की यान नष्ट झालं, नोंदवही नष्ट झाली. खाली आणखी एक ओळ होती. त्यात चालकाला नव्या यानाचं नाव विचारलं होतं.

वहिनीचं कपाळ थोडं वर आलं.

‘मी चुकीचं वाचलं का रे?’ वहिनीने विचारलं.

‘नाही.’

‘चौदा म्हटलं मी. चौदाला मारायचा होता ना?’

‘तुम्ही बरोबर वाचलंत वहिनी. तिथेच घोळ झाला.’

मग त्याला सांगावं लागलं. दादा चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायचा, आयुष्यभर दुसऱ्यांचे नंबर काढायचा. पण स्वतः आकडे वाचताना तीन कमी सांगायचा. ‘सावकाश’ घेतल्यावर पहिल्याच महिन्यात धाकट्याच्या ते लक्षात आलं. बाहेर अंदाजाने चौदा वाटतायत आणि दादा म्हणतोय अकरा. धाकट्याला वाटलं, डोळे गेले याचे. पण डोळे तपासणाऱ्या माणसाला डोळे तपासून घे असं कोणत्या तोंडाने सांगायचं? सांगितलं असतं तर आठ दिवस बोलला नसता. म्हणून धाकट्याने मनातल्या मनात तीन मिळवायला सुरुवात केली. दादा म्हणायचा अकरा, हा धरायचा चौदा, यान अलगद टेकायचं. अकरा वर्षांत ते तीन असे अंगात मुरले, की आता मिळवतोय हेही कळेनासं झालं.

कॉम्प्युटरच्या पलीकडून वहिनीचा एक विचित्र आवाज आला. ती हसतेय की रडतेय हे धाकट्याला नुसत्या कपाळावरून कळेना.

‘त्याचे डोळे चांगले होते,’ ती म्हणाली. ‘मुद्दाम सांगायचा कमी.’

‘मुद्दाम?’

‘मला म्हणायचा, धाकटा ब्रेक नेहमी तीन मीटर उशिरा मारतो. तोंडावर सांगितलं तर रुसेल. म्हणून मी आपला तीन कमी करूनच सांगतो.’

म्हणजे धाकटा उशिरा मारत होता, कारण दादा कमी सांगत होता. आणि दादा कमी सांगत होता, कारण तो उशिरा मारत होता. अकरा वर्षं दोघं एकमेकांची चूक पोटात घालत होते आणि चूक मुळात कुणाचीच नव्हती, किंवा पहिल्या दिवशी कुणाची तरी होती. कुणाची, ते सांगू शकणारा एकच माणूस होता.

‘तुम्हाला ठाऊक होतं,’ तो म्हणाला.

‘ठाऊक होतं. पण तुला फसवून आकडा सांगायचा म्हणजे... तो सांगायचा ते वेगळं. तो दादा होता तुझा. मला वाटलं, मी आपलं खरं ते सांगावं, ऐन वेळी तू सावरशील.’ मग ती म्हणाली, ‘हेच लिहिलं असेल का त्याने? त्यालाच हसत असेल?’

‘काय माहीत.’

‘असेल रे.’

‘असेल,’ धाकटा म्हणाला. कारण दुसरं काही म्हणणं त्याला जमलं नसतं. लिहिलेलं काहीही असू शकत होतं. रिक्षावाल्यावरचा विनोद असेल. दुधाचा निरोप असेल. नुसतं ‘शुभेच्छा’ असेल.

दारात पुतणी येऊन उभी राहिली होती. तिने दोघांकडे पाहिलं आणि काय झालं ते विचारलं नाही. ती म्हणाली, चहा ठेवते, आणि गेली.

‘एक विचारू?’ वहिनी म्हणाली. ‘इतकी वर्षं बसायचात इथे. घामाघूम व्हायचात. चाळीस वेळा तोंडावर आपटलात. मजा यायची का यात?’

दर सोमवारी तयार असलेलं उत्तर धाकट्याच्या जिभेवर आलं. ते त्याने तसंच ठेवलं.

‘बंदराला लागलं की दादा पलीकडून एकदा टेबलावर टिचकी मारायचा,’ तो म्हणाला. ‘बोलायचा नाही काही. नुसती टिचकी. मग मी मारायचो.’

‘बस, एवढंच?’

‘एवढंच.’

वहिनीने मान हलवली असावी, तिचं कपाळ हललं. पडद्यावर गेम अजून नाव विचारत होता. तिने विचारलं, परत लावायचं का, आणि धाकटा म्हणाला, आज नको. मग तिने वाकून भिंतीवरचं बटण बंद केलं. पंख्यासारखी घरघर थांबली. अकरा वर्षांत पहिल्यांदाच कॉम्प्युटर बंद होता आणि कुठेही कुणाची हवा संपत नव्हती.

धाकटा उठला तशी खुर्ची मागे सरकली, नव्या चाकावर, काही आवाज न करता. दोघंही तिच्याकडे बघत राहिले.

‘चाक चांगलं होतं रे,’ वहिनी म्हणाली. ‘उगाच बदललंस.’