दोन खोकले

सोमवारी सकाळी माझ्या नवऱ्याच्या डोळ्यांवर काळी पट्टी आली. कापडाची नव्हे, छपाईची. या कानापासून त्या कानापर्यंत, दोन बोटं रुंद, कडा अगदी सरळ. जुन्या वैद्यकीय मासिकांत रुग्णाचा फोटो छापताना ओळख लपवायला डोळ्यांवर मारतात ना, तीच. मी ओल्या फडक्यानं पुसून बघितली, मग खोबरेल लावलं, मग रॉकेल. निघाली नाही. बोट लावलं की बोटाला कातडीच लागायची.

"दिसतंय का तुम्हाला?" मी विचारलं.

"सगळं दिसतंय. तुझ्या कपाळावरच्या आठ्यासुद्धा," ते म्हणाले. "चहा टाक की साहेब."

साहेब म्हणजे मी. हे आयटीआयमध्ये पोरांना लेथ शिकवतात, आणि घरात मला साहेब म्हणून चिडवतात. मी चहा टाकला. अर्धा ओट्यावर सांडला.

पट्टीचा अर्थ मला लगेच कळला, कारण माझं कामच ते आहे. मिरजेत दवाखान्यांच्या गल्लीमागे आमची कचेरी आहे. तिथे आम्ही सोळा जण दिवसभर जगभरच्या डॉक्टरांचे लेख वाचतो. रुग्ण कोण, रक्तात दोष कुठला, औषध काय दिलं, शेवटी काय झालं, एवढं प्रत्येक लेखातून वेचून संगणकात भरायचं. अशा लाखो नोंदी त्या यंत्राच्या पोटात आहेत. नवा रुग्ण आला की यंत्र त्याच्यासारखे आधीचे कोण ते शोधतं आणि नेमकं त्यालाच लागू पडेल असं औषध सांगतं. लेखात माणसाला नाव नसतं. '५४ वर्षांचा पुरुष', संपलं. तेव्हा पट्टी आली म्हणजे आमचे हे कुठल्यातरी लेखात छापून आले होते. आणि लेख छापून येतो तेव्हा रुग्णाचं काय झालं ते शेवटच्या पानावर लिहिलेलं असतं.

कचेरीत गेल्यागेल्या यास्मिनला सांगितलं. यास्मिन मुजावर ही माझी जोडीदारीण, माझ्यापेक्षा पंचवीस वर्षांनी लहान.

"अगंबाई, छापून आले?" ती म्हणाली. "कुठल्या मासिकात?"

"मला काय ठाऊक? शोधायला पाहिजे."

"शोधूया की काकू. घाबरू नका," ती म्हणाली, पण तिनं माझ्याकडे बघितलं नाही.

आमच्याकडे एक लेख दोघींनी वाचायचा असा नियम आहे. मध्ये लाकडी फळी, एकमेकींचं बघायचं नाही. दोघींच्या नोंदी जुळल्या तर नोंद पक्की. नाही जुळल्या तर लेख वर टिकेकर मॅडमकडे जातो आणि त्या निवाडा करतात. दर शनिवारी फळ्यावर आकडे लागतात, कुठल्या जोडीचं किती जुळलं. चार वर्षं आमचीच जोडी पहिली. शंभरात अठ्ठ्याण्णव. सगळे आ वासून बघायचे. आता खरं सांगते, लपवून काय मिळणार आहे? शेवटचं पान फक्त यास्मिन वाचायची. एकदा खोकली म्हणजे रुग्ण बरा झाला, दोनदा खोकली म्हणजे गेला. मी फळीच्या अलीकडे कान देऊन बसायची आणि तेच भरायची. एवढ्या लेखांची शेवटची पानं कोण वाचत बसणार?

मंगळवारी यांचं नाव गेलं. आधी दारावरच्या पाटीवरून, मग आधार कार्डावरून, मग लग्नपत्रिकेवरून. मला रोजच्या व्यवहारात काही अडलं नाही, तीस वर्षं मी 'अहो'च म्हणत आले. पण लेख शोधायचा तर नाव हाताशी असावं म्हणून मी ते मोठ्यानं घेऊन बघितलं. आलं नाही. मग लग्नात घेतलेला उखाणा म्हणून बघितला. लेथवर फिरते सळई, कशाला करता घाई, इथपर्यंत आलं. पुढे नुसतंच 'राव', आणि मग 'ऐका आत्याबाई'. तीन वेळा म्हटला. तिन्ही वेळा जीभ तिथून घसरून पुढे गेली. मी पदर तोंडात धरून रडले, त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून.

बुधवारी घर कमी झालं. लेखात ज्याची गरज नसते ते लिहीत नाहीत, आणि जे लिहिलं नव्हतं ते एकेक करून नाहीसं व्हायला लागलं. त्यांचा रेडिओ गेला, बागेतली कढीपत्त्याची कुंडी गेली, मग बागच गेली. खिडकी उघडली की समोर पांढरं. नखांतला लेथच्या तेलाचा वास गेला. त्यांची थट्टा गेली. मी म्हटलं, "अहो, जेवायला काय करू?" तर म्हणाले, "भूक मंदावल्याची तक्रार तीन आठवड्यांपासून."

"असं काय बोलताय? आमटी करू का?"

"कौटुंबिक इतिहास उल्लेखनीय नाही," ते म्हणाले.

मी तिथेच, त्यांच्यासमोर, हातात पळी घेऊन उभी होते. उल्लेखनीय नाही! मला संताप आला आणि त्याच्याखाली भीती. खाटेपलीकडची भिंत एक हात पुढे सरकली.

भीतीचं कारण होतं त्यांच्या औषधाच्या पिवळ्या डबीत. सव्वा महिन्यापूर्वी अशक्तपणा वाटतो म्हणून हे दवाखान्यात गेले. तिथल्या डॉक्टरांनी रक्त घेतलं, आमच्या यंत्राला विचारलं, आणि यंत्रानं एक औषध सांगितलं. डॉक्टर म्हणाले, 'हजारात एकालाच लागू पडतं, आणि तो एक तुम्ही.' यांना कोण अभिमान! आयटीआयभर सांगत सुटले, माझं औषध दुसऱ्याला चालत नाही म्हणून. मीही मिरवले. आमच्या नोंदींतूनच तर निघालं होतं ते.

बुधवारी मी ती डबी उचलून नाल्यात टाकली. घरी आले तर डबी उशाशी. पुन्हा टाकली, पुन्हा उशाशी. तिसऱ्यांदा गोळ्या दगडानं ठेचल्या. ते खाटेवरून म्हणाले, "औषध नियमित घेतले." त्यांच्या ओठांवर गोळीची पावडर होती.

गुरुवारी सकाळी अकराला लेख आला. त्या दिवशी कचेरी अरुंद झाली होती. टेबलं एकामागे एक, दोन्ही बाजूंना थोडी कोरी जागा, आणि खांदे आत घेतल्याशिवाय कुणाला बसता येत नव्हतं. कुणी त्याबद्दल बोललं नाही. मी लेख उघडला आणि पहिल्याच पानावर यांचा फोटो. तीच मिशी, तोच शर्ट, डोळ्यांवर पट्टी.

दुसऱ्या पानावर आजार. तिसऱ्यावर रक्ताचे तक्ते. चौथ्यावर औषध, आणि ते का निवडलं त्याची कारणं. याच औषधाचे तीनशे बारा रुग्ण, तीनशे बाराच्या तीनशे बारा बरे झालेले. सगळ्या नोंदी आमच्या कचेरीतल्या. आमच्या जोडीच्या. दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीतल्या.

मी फळीवर टकटक केली. "यास्मिन, त्या जानेवारीत तुला सर्दी झाली होती का गं?"

"होती की. महिनाभर. तुम्हीच तर काढा आणून द्यायचात. माझे डोळे सुजलेले, मी नुसती वाचायचे, दोघींचं तुम्हीच भरायचात."

"आणि खोकला?"

"कोरडा होता. सारखा यायचा." ती थांबली. "काकू, का?"

मला सगळं आठवलं. ती खोकली रे खोकली की मी दोन्हीकडे 'बरा' भरून मोकळी. दुसऱ्या खोकल्याची वाट कोण बघतो? पुढचा लेख, पुढचा खोकला, बरा. पुढचा, बरा. त्यांतले किती खरे बरे झाले होते ते एका देवाला माहीत. आंधळं दळतं म्हणतात ना, ती आंधळी मीच.

फळीपलीकडे पान उलटल्याचा आवाज आला. यास्मिन पाचवं, शेवटचं पान वाचत होती. फोटो बघून तिनं यांना ओळखलं नसणार, पट्टी असतेच त्यासाठी. ती खोकली. मी श्वास धरला. ती पुन्हा खोकली.

मी 'बरा झाला' भरलं.

पडद्यावर लाल अक्षरं आली, नोंद जुळत नाही. शेवटच्या पानावरून चार वर्षांत पहिल्यांदा आली असतील. पुढच्या टेबलांवरचे सगळे मागे वळले. यास्मिन उभी राहून फळीवरून माझ्याकडे बघत होती.

"काकू, मी दोनदा खोकले."

"ऐकलं मी."

"मग?"

"माझा नवरा आहे तो, यास्मिन."

तिनं तोंडावर हात ठेवला आणि खाली बसली. वरून घंटा वाजली. टिकेकर मॅडम बोलावत होत्या.

जिना चढताना भिंती दोन्ही कोपरांना लागत होत्या. यास्मिन माझ्यामागे होती. मॅडमची खोली पांढरी, मध्ये एक टेबल, आणि टेबलाजवळच्या स्टुलावर आमचे हे आधीच बसलेले. गुडघे जुळवून, हात मांडीवर. मॅडम साठीच्या, कडक इस्त्रीची साडी, आवाज कधी चढत नाही. त्यांच्या हातात पाचवं पान होतं.

"विमलताई, हे तुम्ही वाचलंय का?"

"नाही."

"न वाचता भरलंत?"

"आजवर सगळं न वाचताच भरलं," मी म्हटलं. "त्या खोकल्यांवरूनच यांना औषध दिलंय मॅडम. माझ्या हातानं झालंय. हवं तर मला कामावरून काढा, पण हे पान फाडा."

"छापलेलं फाडून काय होणार? प्रत जगभर गेलीय." त्यांनी पानावरून नजर फिरवली. "मृत्यू, औषधाचा चाळिसावा दिवस असं लिहिलंय. आज कितवा?"

"चाळिसावा," लेखातल्या तारखेपासून बोटांवर मोजून यास्मिन म्हणाली, अगदी बारीक आवाजात.

यांनी मान खाली घातली. मी त्यांच्यापाशी गेले, खांदा धरला. खांदा हलका लागला.

"काहीतरी करा," मी म्हटलं. "पाया पडते तुमच्या."

मॅडमनी खणातून नोंदीचा कोरा नमुना काढला. "बरा झाला, हा एक रकाना. मृत्यू, हा दुसरा. तिसराही एक असतो, तुम्ही कुणी कधी वापरत नाही, कारण त्यानं शनिवारचे आकडे खाली येतात. रुग्ण परत आला नाही, पुढे काय झालं ते कळलं नाही." त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "हा मी भरू शकते. निवाडा माझा, तो शेवटचा."

"मग भरा! वाट कसली बघताय?"

"तो खरा असला पाहिजे. खोटी नोंद मी करत नाही. त्यांनी आत्ता इथून जायचं. कुठे गेले, कसे आहेत, तुम्हाला कधीच कळता कामा नये. कुणी सांगायला आलं तर कान झाकायचे. रस्त्यात दिसले तर नजर खाली. कळलं, की हा रकाना पुसला जातो. मग राहतात दोन, आणि दुसरा यास्मिननं वाचलाय."

"पण जगतील ना?"

"विमलताई," मॅडम म्हणाल्या, "तेच तर कळता कामा नये."

मला त्यांना काहीतरी सांगायचं होतं. तीस वर्षांत कधी सांगितलं नाही ते. पण तोंडातून आलं ते एवढंच, "अहो, चपला घाला. ऊन आहे." ते उठले. चपला घातल्या. मॅडमनी मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं, आणि मी उभी राहिले, डोळे गच्च मिटून.

चपलांचा आवाज दारापर्यंत गेला, मग बाहेर. बाहेर चार पावलांवर जिना होता, पण आवाज सरळच जात राहिला, पंधरा पावलं, चाळीस, शंभर. मी मोजायचं थांबवलं, मोजणं म्हणजेही कळणंच. मागे मॅडमचं पेन कागदावर चाललं होतं. यास्मिन हुंदके देत होती. मला वाटलं, जातायत, जाऊ देत, कुठेही जाऊ देत, कुणाच्याही हातचं जेवू देत.

मग चपला थांबल्या.

मग परत येऊ लागल्या. सावकाश, तळ घासत, हे शनिवारी आयटीआयमधून दमून येतात तशाच. दार वाजलं. मॅडमचं पेन थांबलं.

"काकू, वळू नका. रकाना पुसला जाईल," यास्मिन म्हणाली.

चपला माझ्या पाठीशी येऊन उभ्या राहिल्या. मानेवर श्वास लागला.

"अगं साहेब," ते म्हणाले, त्यांच्याच आवाजात, सोमवारच्या आधीच्या. "अर्ध्या रस्त्यातनं आलो. फार तहान लागलीय गं. पाणी देतेस का?"

मी भिंतीला कपाळ टेकवलं.

"विमल," ते म्हणाले. "पाणी."