उचलला म्हणजे कुठून?

सरकारी वकीलबाईंनी जबाबातल्या एका शब्दावर बोट ठेवलं आणि विचारलं, “लंबूने हातोडा उचलला, असं तुम्ही पोलिसांना सांगितलंय. उचलला म्हणजे कुठून?”

समोर बसलेल्या बाईला आधी प्रश्नच कळला नाही. पस्तिशी उलटली तरी घरीदारी सगळे तिला धाकटीच म्हणत. तिचा दादा गेला होता, मारणारा जागच्या जागी सापडला होता, सगळं तिच्या डोळ्यांदेखत घडलं होतं. आता हातोडा कुठून उचलला याची उठाठेव कशाला?

“कुठून म्हणजे?”

“टेबलावर पडला होता, तो जाऊन घेतला? की हातातच होता, तो वर उगारला? आपण दोन्हीला उचललाच म्हणतो. कायद्याला मात्र ते एक नाही.”

धाकटी पदराशी चाळा करत राहिली. वकीलबाई काही रुक्ष नव्हत्या. त्यांनी तिच्यासाठी चहा मागवला आणि शाळेतल्या पोरीला सांगावं तसं सावकाश सांगायला लागल्या. माणसाने माणसाला मारलं की तो खूनच, असं नसतं म्हणाल्या. कुणाच्या हयगयीने माणूस जातो, कुणी भांडणाच्या भरात मारून बसतं, कुणी मनाशी ठरवून मारतं. मेलेला तिन्हीकडे मेलेलाच, पण मारणाऱ्याच्या मनात त्या घडीला काय होतं यावरून गुन्ह्याचं नाव बदलतं.

“पण त्याच्या मनात काय होतं ते मला काय ठाऊक?”

“कोणालाच ठाऊक नसतं. म्हणून तर हात काय करत होते ते विचारायचं. हत्यार आणायला तो कोपऱ्यापर्यंत गेला असेल, तर तेवढ्या वाटेत त्याला थांबता आलं असतं. थांबला नाही, म्हणजे मारायचंच होतं. तो खून. हातात होतं ते संतापात चाललं, एकदाच चाललं, तर सदोष मनुष्यवध. खुनाला जन्मठेप. याला काही वर्षं.”

“आणि माझ्या एका शब्दावर हे ठरणार?”

“तिथे तुमच्याशिवाय कोणी नव्हतं.” वकीलबाईंनी कागद मिटले. “खोटं बोला असं मी सांगणार नाही. मात्र कोर्टात उभं राहण्याआधी नीट आठवा.”

आठवायला काय, धाकटी दुसरं काहीच करत नव्हती. दादा आणि लंबू लहानपणापासूनचे जोडीदार. दोघांनी मिळून सुतारकामाचा कारखाना काढला होता. दारं, खिडक्या, जिन्याचे कठडे. दादा गिऱ्हाइकांशी बोलायचा आणि मापं घ्यायचा, लंबू जोडकामात तरबेज, आणि पॉलिशचं काम धाकटीकडे. दादाची जीभ म्हणजे रंध्याचं पातं. समोरच्याचं सालटं काढल्याशिवाय थांबायची नाही. लंबू सगळं हसण्यावारी न्यायचा. आदल्या वर्षी त्याची चार वर्षांची पोर तळ्यात बुडाली, आणि तेव्हापासून तो हसायचा कमी, हातोडा ठोकायचा जास्त.

त्या दिवशी खिडकीची एक चौकट गिऱ्हाइकाच्या भिंतीत बसेना, म्हणून कारखान्यात परत आणली होती. माप चुकलंय, लंबू म्हणाला. जोड वाकडा आहे, दादा म्हणाला. शब्दाला शब्द लागत गेला. लंबू सांध्यावर हातोडा मारतच बोलत होता, “कबूल कर ना, चुकतो माणूस. माप घेताना लक्ष नव्हतं तुझं.” लक्ष हा शब्द दादाला झोंबला. तो म्हणाला, “स्वतःच्या पोरीवर लक्ष ठेवता आलं नाही, आणि मला लक्ष शिकवतोस?”

पुढचं धाकटीला तुकड्यातुकड्यांत आठवायचं. वर गेलेला हात. ओल्या फळीवर काही पडावं तसा आवाज. मग लंबूच खाली बसलेला, दादाचं डोकं मांडीवर घेऊन तिच्यावर ओरडतोय, “गाडी बोलव! अगं, बघत काय बसलीस, गाडी बोलव!”

दादाचं ते वाक्य तिने पोलिसांना सांगितलं नव्हतं. कामावरून भांडण झालं, एवढंच सांगितलं. खोटं नव्हतंच ते. आईलाही तेवढंच माहीत होतं.

वकीलबाईंकडून घरी आली तेव्हा आई दारातच उभी होती. दादा गेल्यापासून आई वाळून काडी झाली होती, पण आवाजातली जरब तशीच होती.

“काय म्हणाली ती?”

धाकटीने पायरीवर बसून जमेल तसं सांगितलं. आईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “म्हणजे माझा मुलगा थोडा कमी मेला?”

“तसं नाही गं, आई.”

“मग कसं? त्याने हातातल्याने मारलं म्हणून काय दादा निम्मा परत येणार आहे? खून तो खून.” मग तिच्या शेजारी टेकत, जरा खालच्या आवाजात, “कुठून उचलला होता?”

“हातातच होता. काम करत होता तो.”

आईने नजर समोर वळवली. समोरच्या घरातलं कोणीतरी पायपुसणं झटकत होतं. “तू उचलला म्हणालीस ना? मग तेवढंच म्हण. बदलू नकोस, वाढवू नकोस. खोटं बोल असं म्हणतेय का मी?”

तीच तर पंचाईत होती. खोटं बोलायचंच नव्हतं. शब्द आहे तसा ठेवायचा, आणि कोणी विचारलंच तर आठवत नाही म्हणायचं. डोळ्यांसमोर भाऊ पडलेली बाई, तिला कोण दोष देणार? आणि लंबूबद्दल तिच्या पोटात काही माया शिल्लक होती असंही नाही. त्याचं नाव काढलं तरी अंगाचा तिळपापड व्हायचा. तो तुरुंगात म्हातारा झाला तर हवंच होतं तिला. पण ठरवून मारणारा माणूस म्हणून त्याला डोळ्यांपुढे उभा करायला गेली, की तो तिथे उभाच राहीना. दादाचं डोकं मांडीवर घेऊन खालीच बसायचा.

कोर्टाची खोली तिला वाटलं होतं त्यापेक्षा लहान निघाली. आई मागच्या बाकावर, हातात रुमाल चुरगाळत. लंबू पिंजऱ्यात, दाढी वाढलेली, मान खाली. वकीलबाईंनी विचारलं, तिने सांगितलं. चौकट, भांडण, हातोडा उचलला, डोक्यात मारला. मग लंबूचे वकील उठले. वयस्कर, आवाज अगदी मऊ.

“बाई, उचलला म्हणजे कुठून उचलला?”

धाकटीने मागे पाहिलं नाही. “हातातच होता. तो सांधा ठोकत होता.”

“किती वेळा मारलं?”

“एकदाच.”

“मारण्याच्या लगेच आधी तुमचे भाऊ काही बोलले होते का?”

इथे मात्र तिने पिंजऱ्याकडे पाहिलं. दादाचं ते वाक्य तिच्याशिवाय आणि लंबूशिवाय कोणी ऐकलं नव्हतं. लंबूनेही आपल्या वकिलांना ते सांगितलं नसावं. पिंजऱ्यातून त्याने पहिल्यांदाच मान वर केली होती आणि नको, नको अशी हलवत होता. ते पोरीचं नाव इथे, या सगळ्यांसमोर, त्याला नको होतं.

“बोलला होता,” धाकटी म्हणाली, आणि जसंच्या तसं सांगितलं.

टाइप करणाऱ्या माणसाचा हात थांबला. न्यायाधीशांनी चष्मा काढून ते वाक्य तिला पुन्हा म्हणायला लावलं. तिने पुन्हा म्हटलं. मागे बाक करकरला आणि दार उघडून लागल्याचा आवाज झाला. कोण गेलं ते पाहायची तिला गरज नव्हती. “त्यानंतर दादाने,” ती सांगायला लागली, तर लंबूचे वकील मऊपणानेच म्हणाले, “विचारलं तेवढंच, बाई.”

निकाल लागला तेव्हा खून सिद्ध झाला नव्हता. सदोष मनुष्यवध, सात वर्षं. वकीलबाईंनी धाकटीच्या खांद्यावर हात ठेवला, पण अभिनंदन करावं की सांत्वन, हे त्यांनाही सुचलं नसावं. लंबूला नेताना त्याने हात जोडले. धाकटीने तोंड फिरवलं. खरं सांगितलं म्हणजे माफ केलं, असं त्याने समजू नये.

आईने तिच्याशी बोलणं टाकलं. स्वयंपाक करायची, ताट वाढायची, पण शब्द नाही. धाकटी कारखाना झाडून आली, एका नव्या सुताराशी बोलणी केली, अर्धवट राहिलेली दारं पुरी करून दिली. घरी आली की भिंतीशी बोलावं तसं आईला दिवसभराचं सांगायची. आई ऐकते की नाही, कळायचं नाही.

एका सकाळी आई डाळीतले खडे वेचत बसली होती. मान वर न करता म्हणाली, “त्या पोरीला दादा खांद्यावर घेऊन फिरायचा.”

“हो.”

“मग असं कसं बोलला तो?”

“निघून गेलं तोंडातून.”

आईची बोटं थांबली. “बोलल्यावर काय केलं त्याने?”

कोर्टात जे सांगायचं राहिलं, ते धाकटीने आता सांगितलं. शब्द निघाला आणि दादाचा चेहराच उतरला. त्याने हात पुढे केला, लंबूच्या दंडाला धरायला. ‘अरे, मला तसं...’ एवढंच म्हणाला. तेवढ्यात लंबूचा हात खाली आला.

“हे का नाही सांगितलंस तिथे?”

“तिथे लंबूच्या मनात काय होतं ते ठरवायचं होतं, आई. दादाच्या मनातलं कोणी विचारलं नाही.”

आईने सूप बाजूला सरकवलं. तिचे डोळे भरले होते, पण रडली नाही. “हात पुढे केला होता ना? नक्की?”

“अगदी नक्की. मी समोर होते.”

“पुन्हा सांग,” आई म्हणाली. “पहिल्यापासून सांग.”

धाकटी तिच्याजवळ सरकून बसली, आणि चौकट भिंतीत बसेना तिथपासून सांगू लागली.