आत्याची भूक

आत्याचं पार्लर तळमजल्यावर आणि घर त्याच्याच डोक्यावर. आत्या आजारी पडल्यापासून शटर खाली होतं, तरी जिना चढताना शांपूचा वास यायचाच. वर खिडकीशी, भाड्याने आणलेल्या वर-खाली होणाऱ्या पलंगावर आत्या पडून असायची. आजार पोटाचा होता आणि बरा होणारा नव्हता. भाचीला मात्र बाबांनी 'पोटाचा जरा त्रास आहे' एवढंच सांगितलं होतं.

भाची चौदा वर्षांची. आई लवकर गेली, तेव्हापासून तिला आत्यानेच वाढवलं. पोरीचं बोलणं वयापेक्षा मोठं, म्हणून आत्या तिला लाडाने 'म्हातारे' अशी हाक मारायची.

म्हातारीच्या मनाने एकच घेतलं होतं. आत्या खात नाही, म्हणून खंगत चाललीय. पोटात चार घास गेले तर अंगात ताकद येईल. बाबाही पलंगाशी बसून दिवसभर "ताई, थोडं तरी खा ना," असा धोशा लावायचे.

एका दुपारी शाळेतून येऊन तिने सूप केलं आणि चमचा आत्याच्या ओठांशी नेला. आत्याने मान वळवली.

"तू प्रयत्नच करत नाहीस," पोरगी म्हणाली.

ते ऐकून आत्याने तोंड उघडलं. दुसऱ्याच चमच्याला तिला जबर ठसका लागला, श्वास अडकला, डोळे पांढरे झाले. आत्याला तपासायला घरी येणाऱ्या सिस्टर नेमक्या त्याच वेळी दारात आल्या होत्या. त्यांनी पिशवी टाकली, आत्याला कुशीवर वळवलं, तोंडातलं बोटाने काढलं, पाठ चोळत बसल्या. हळूहळू श्वास सुरळीत झाला आणि आत्या थकून झोपली.

म्हातारी स्वयंपाकघरात ओट्याला पाठ लावून जमिनीवर बसली होती. सिस्टर तिच्याशेजारी येऊन खालीच बसल्या.

"तुम्ही काहीच करत नाही," ती म्हणाली. "सलाईन नाही, ऑक्सिजन नाही. चादर बदलता आणि जाता."

सिस्टरना राग आला नाही. "तुला आजाराबद्दल कुणी काय सांगितलंय?"

"मला कोण सांगतंय? मी खोलीत गेले की सगळे हवापाण्यावर बोलायला लागतात."

"मग मला विचार. विचारशील त्याचं खरं उत्तर देईन. नको वाटलं तर थांबा म्हण."

पोरीने विचारलं, "ती मरणार आहे?"

"हो."

"जेवत नाही म्हणून?"

"नाही गं. उलटं आहे. तिचं शरीर आता आवरतं घेतंय, म्हणून तिला भूक लागत नाही. घातलेलं अन्न त्याला पेलत नाही. ती उपाशी तळमळत नाहीये."

"आणि ते दुखण्याचं औषध? वर्गातली एक म्हणाली, त्यानेच माणूस लवकर जातो."

"असं पुष्कळांना वाटतं. आपण ते दुखणं थांबेल इतकंच देतो, जपून. त्याने ती लवकर जाणार नाही. परवा तुझी नक्कल करून हसली ना? दुखत असतं तर हसली असती का?"

"आज माझ्यामुळे..."

"आज सूप चुकून श्वासनळीत गेलं. आजार तुझ्यामुळे नाही. बरं करणं आपल्या हातात राहिलं नाही, पण तिला बरं वाटावं यासाठी करण्यासारखं खूप आहे. मी त्यासाठीच येते."

त्यांनी काडीला लावलेला छोटासा स्पंज दाखवला. तो पाण्यात बुडवून, पिळून, ओठ आणि जीभ कशी ओली करायची ते शिकवलं. "आणि तिला काय हवंय, ते तिलाच विचार," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी म्हातारीने विचारलं.

"डोकं धू माझं," आत्या म्हणाली. "या अवतारात दुकान उघडलं तर आलेलं गिऱ्हाईक दारातूनच पळेल."

डोक्याखाली प्लॅस्टिक घालून, खाली बादली ठेवून, मगाने कोमट पाणी ओतत तिने आत्याचे उरलेसुरले केस धुतले.

"नखं नको, बोटांची पेरं लाव. हां, अशी."

"आत्या, मला कळलंय."

आत्याने डोळे मिटूनच विचारलं, "कोणी सांगितलं?"

"सिस्टरनी. मी विचारलं."

"बरं झालं बाई. तुम्हा दोघांसमोर बरी असल्याचं सोंग करून जीव मेटाकुटीला आला होता."

"भीती वाटते तुला?"

"दुखायचं तेव्हा वाटायची. आता तुला सोडून जायचं वाईट वाटतं. फार वाटतं."

पोरगी रडली, आत्याही रडली. पाण्याची दुसरी बादली घेऊन आलेले बाबा दारातच उभे होते. म्हातारी त्यांना म्हणाली, "बाबा, आता तिला खा म्हणायचं नाही. तिला त्रास होतो." बाबांनी बादली खाली ठेवली आणि बहिणीचे पाय धरून बसले. त्या रात्री बऱ्याच दिवसांनी तिघांनी जुन्या गोष्टी काढल्या.

पुढे आत्या जास्त जास्त झोपू लागली. हात गार पडतील, श्वासात खंड पडेल, घशात घरघर होईल, ऐकायला भयंकर वाटेल पण तिला तसं जाणवणार नाही, हे सिस्टरनी आधीच सांगून ठेवलं होतं. एका दुपारी तसंच सुरू झालं. बाबा घाबरून ॲम्ब्युलन्सला फोन लावायला निघाले. पोरीने त्यांचं मनगट धरलं.

"तिला घरीच राहायचंय, बाबा, तिने सांगितलंय मला. सिस्टरना लावा."

सिस्टर येईपर्यंत ती ओठ ओले करत राहिली आणि पार्लरमधल्या गप्पा आत्याला ऐकवत राहिली. बाहेर शाळेच्या बस परतत होत्या. दोन श्वासांमधलं अंतर वाढत गेलं, आणि मग पुढचा श्वास आलाच नाही.

शेजारीपाजारी यायच्या आधी बाबांनी कंगवा घेतला. "भांग कुठून पाडायचा गं तिचा?"

"उजवीकडून," ती म्हणाली, आणि त्यांना भांग नीट पाडता यावा म्हणून तिने आत्याचं डोकं दोन्ही हातांत धरून ठेवलं.